गाळ्यातला दसरा

लालबागला मसाला कांडणाऱ्या डंकाच्या वरच्या मजल्यावर आमचा गाळा होता. तिथे आम्ही कॉम्प्युटरची कार्डं बनवायचो आणि प्रत्येक कार्डाला मिरचीचा वास यायचा. गिऱ्हाईक आपलं खोकं शिंकतच उघडतं, असं साहेब म्हणायचे.

साहेब म्हणजे मालक. गिरगावातले इंजिनीयर, चांगली नोकरी सोडून या नादाला लागलेले. त्या वेळचा कॉम्प्युटर आतून निम्मा रिकामा यायचा. मेमरी तोकडी, प्रिंटर जोडायला जागा नाही, आणि बंद केला की तारीखसुद्धा विसरायचा. रोज सकाळी माणसालाच विचारायचा, आज तारीख काय? आमचं कार्ड आतल्या खाचेत बसवलं की तिन्ही दुखणी जायची. त्यावर एक छोटी बॅटरी असायची, ती तारीख धरून ठेवायची. सोल्डरिंगला आम्ही सगळ्या बायका, गिरणगावातल्या लेकी-सुना. कार्ड तयार झालं की टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये खोचून बघायचं, म्हणून त्या कॉम्प्युटरचं झाकण कायम उघडं.

घरी मी आणि बाबा. बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते, कापड विणायला. संप झाला, आई गावी गेली ती तिकडचीच झाली, आणि मिलचा भोंगा काही पुन्हा वाजला नाही. साच्यांच्या खडखडाटात बाबांचे कान गेले होते. खात्यात सगळे एकमेकांचे ओठ बघून, हातवारे करून बोलायचे. ती माणसं पांगली आणि बाबांशी बोलणारं कुणी उरलं नाही. चाळीतले लोक ओरडून बोलायचे, आणि ओरडून माणूस किती बोलणार? दोन वाक्यांत आटपायचे. बाबा गॅलरीतल्या बाकड्यावर बसून असायचे. मी कामावरून आले की आम्ही दोघं समोरासमोर जेवायचो आणि भांड्यांचाच काय तो आवाज. फार एकटं वाटायचं. मला एवढंच हवं होतं, की बाबांनी पुन्हा माणसांत यावं.

साहेबांच्या मागे लागून मी बाबांना पॅकिंगला लावलं. कार्डं थर्माकोलमध्ये बसवता बसवता ते बायकांच्या ओठांकडे बघायचे आणि हसायचे. घरी आल्यावर कुणाच्या सासूने काय केलं ते मलाच सांगायचे. मी आनंदाने खुळी व्हायची बाकी होते.

मग दसरा आला. साहेब म्हणाले, "काका, पूजा तुम्ही करा. मिलमध्ये केलीय ना?"

केलीय म्हणजे काय! लहानपणी मी बघायला गेले होते. त्या दिवशी घरच्यांना मिलमध्ये सोडायचे. साच्यांना झेंडूची तोरणं, आणि बाबा आपल्या साच्यावर नारळाचं पाणी शिंपडायचे, लोखंडावरून ओघळ येईपर्यंत.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, हार घातला. पूजेला मशीन चालू हवं, म्हणून साहेबांनीच ते सुरू ठेवलं होतं. बाबांनी नारळ फोडला आणि मिलच्या सवयीने चांगलं ओंजळभर पाणी उघड्या झाकणातून आत घातलं. फाट् असा आवाज झाला, जळका वास आला, पडदा काळा पडला. बाबांना काही ऐकू आलं नाही. ते डोळे मिटून हात जोडून उभेच. डोळे उघडले तेव्हा त्यांना आमचे चेहरे दिसले.

"असू दे काका, होतं असं," साहेब म्हणाले. पण म्हणताना ते कॉम्प्युटरवर वाकले होते. बाबांना ओठ दिसले नाहीत, पाठ दिसली. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं स्पिरिटने पुसलं, पंख्याखाली वाळवलं, फ्यूज बदलला. संध्याकाळी मशीन सुरू. मी धावत घरी आले. "बाबा, चालू झालं!" त्यांनी मान डोलावली. ती मान मी ओळखत होते. पुढच्या महिन्यात मिल सुरू होणार, असं सांगणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी वर्षानुवर्षं तीच मान डोलावली होती.

साहेब स्वतः चाळीत येऊन, मशीन चालू आहे, कामावर या, असं सांगून गेले. बाबांना वाटलं, भला माणूस आहे, मन राखतोय. ते पुन्हा बाकड्यावर बसले. बाजारात जायचं तरी गाळ्याची गल्ली टाळून लांबून जायचे. मला भयंकर राग यायचा. एकदा बंद पडलेलं पुन्हा सुरू होतं, हे या माणसाला पटवायचं कसं?

पुढे नवे कॉम्प्युटर आले. त्यांच्यात मेमरी, प्रिंटर, तारीख, सगळं मुळातच. आमच्या कार्डांना कुणी विचारेना. एकेक बाई सोडून गेली. शेवटी साहेब आणि मी, जुनी कार्डं दुरुस्त करत बसायचो. गाळा विकला तेव्हा साहेब म्हणाले, "तुला हवं ते घेऊन जा." मी टेबलावरचा तो कॉम्प्युटर मागितला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. पत्र्याच्या कडेला कुंकू अजून होतं.

बाबा बाकड्यावरून उठून आत आले. मी बटण दाबलं. पडद्यावर आकडे चढत गेले, आणि त्याने तारीख विचारली नाही, आपली आपणच दाखवली. मी बाबांचा हात धरून पत्र्यावर ठेवला. आत पंखा घरघरत होता. हात बराच वेळ तसाच राहिला.

"तेच मशीन काय गो?"

"तेच. दुसऱ्या दिवशीच चालू झालं होतं, बाबा." मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून म्हटलं.



"अगो," बाबा म्हणाले, "मग मी आलो असतो ना कामावर."