सिमसनभाईंच्या चौकटीवरची डबी

सिमसनभाईंचे दोन दात माझ्या उंबऱ्यावर पडले. एकाला सोन्याची टोपी होती, म्हणून तो मी लगेच उचलला. दुसरा माझ्या नवऱ्याच्या चपलेत सापडला. हसा, हसा. सिमसनभाईही हसतात, तोंडावर हात धरून.

हे गृहस्थ इथे आखातात, अल कुसैसला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, प्लायवूडने पाडलेल्या एका खोपटात राहायचे. सिमसन आष्टमकर, काम लिफ्टच्या दुरुस्तीचं. ज्याची ताकद केसांत होती त्या पुराणातल्या पहिलवानाचं नाव आईबापांनी ठेवलं, आणि लोणच्याची बरणी मात्र माझ्याकडून उघडून न्यायचे. "भाई, तुमचे केस कुणी कापले हो?" मी चिडवायची. "झुबेदाताई, टक्कल वडिलोपार्जित आहे."

माझं माहेर रोहा, त्यांचं घर नदीपलीकडे आष्टमीला. आमच्याकडे ह्या यहुद्यांना शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून. इथेही दर शुक्रवारी ते काळ्या मनुकांचं सरबत करायचे. एक पेला मला, एक फ्लॅटमधल्या बदरुद्दीन आचाऱ्याला. खोपटाच्या चौकटीवर बोटाएवढी धातूची डबी ठोकलेली होती. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावत. डबी तिरकी होती. माझा नवरा कमरुद्दीन शारजाला सुतारकाम करतो, तिरकं काही दिसलं की त्याला ताप चढतो. "सरळ ठोका की भाई," तो म्हणायचा. "आमच्यात तिरकीच असते," हे म्हणायचे.

मग त्या फ्लॅटमध्ये मिथुन राहायला आला. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, बाकी वेळ मोबाईलवर 'आतली बातमी' नावाचा ग्रुप. पेपर नव्हे, पण पेपरपेक्षा जास्त लोक वाचायचे. तिकडे यहुद्यांच्या देशात लढाई पेटली तसा ह्याच्या बातम्यांना ऊत आला. एकदा त्याने एक चित्र टाकलं. आकड्यासारख्या नाकाचा माणूस बिल्डिंगीला कवटाळून बसलाय, बोटांना नख्या. शेजारी सिमसनभाईंचा फोटो, आणि खाली मजकूर: 'हे आधी बेड घेतात, मग बिल्डिंग.'

माझ्या मरियमने मान वाकडी करून पाहिलं. "अम्मी, धिस इज इन माय हिस्टरी बुक. नाझी न्यूजपेपर. ओन्ली द कॅप्शन इज न्यू."

"मग पुढे काय झालं पुस्तकात?"

"दे थ्रू देम आउट ऑफ देअर होम्स. पॅक्ड देम इन्टू अ फ्यू हाउसेस. देन ट्रेन्स."

मी मिथुनला लिफ्टमध्ये गाठलं. "काय रे, हिटलरच्या काळातली शिळी आमटी गरम करून वाढतोस?"

"आंटी, आमटी जुनी असेल, माणसं तीच आहेत."

ती लिफ्टसुद्धा सिमसनभाईंनी दुरुस्त केलेली, मेल्या!

तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगीत म्युनिसिपालिटीचे लोक आले आणि प्लायवूडची बेकायदा खोपटी उखडून गेले. लगेच ग्रुपवर: 'तक्रार कुणी केली? कॅमेरा कुणाच्या चौकटीवर आहे?' फ्लॅट नागेशने घेऊन एकेक बेड पोटभाड्याने दिलेला. तो घाबरला. सिमसनभाईंना म्हणाला, शुक्रवारपर्यंत बेड खाली करा. बिचारे दारोदार फिरले. जिथे जावं तिथे दार उघडणारा आधी मोबाईलमधला फोटो बघायचा, मग ह्यांचं तोंड, मग दार लावायचा.

शुक्रवारी संध्याकाळी मी बांगड्याचं कालवण उकळत होते. समोर प्लायवूड फाटल्याचा आवाज झाला. पातेलं हातात घेऊनच मी दार उघडलं. समोरचं दार सताड उघडं.

"यल्ला, खलास! निकलो!" नागेश ओरडत होता.

"नागेश, जाऊ कुठे? तूच सांग, जातो."

मिथुनने स्क्रू ड्रायव्हर डबीखाली घातला. तेव्हा बरणी न उघडणारे हे हात चौकटीला असे चिकटले, की सुटेनात. सरबत पिणारा बदरुद्दीन लोखंडी तवा घेऊन आला आणि त्याने बोटांवर घातला. हाड मोडल्याचं मला इथे ऐकू आलं. हात सुटले नाहीत. दुसरा घाव. मग मिथुनचा गुडघा तोंडावर. चौकटीच्या ढलपीसकट डबी निघाली. टाचेखाली चेचली. आतून निघाली बारीक अक्षरांत देववचन लिहिलेली चामड्याची गुंडाळी.

"वायर किधर है?" बदरुद्दीनने विचारलं.

"चिप असेल आत. जाळा!"

नागेशने गुंडाळी उचलून लायटर पेटवला. सिमसनभाईंनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मग तिघांनी त्यांना कॉलरला धरून फरफटत आणलं आणि माझ्या उंबऱ्यावर डोकं आपटलं. वर लाथ. दात गेले ते इथे.

मी पातेलं मिथुनच्या पायांवर ओतलं. कालवण वाया गेलं असं म्हणवत नाही. तो गुरासारखा ओरडला. कमरुद्दीनने मागून येऊन फळीने नागेशचा खांदा सडकला, बोटं उलटी पिळून गुंडाळी सोडवली, आणि सिमसनभाईंना आत ओढून कडी घातली.

मी पोलिसांना फोन लावत होते. रक्ताच्या गुळण्या टाकत ते म्हणाले, "नको ताई. पोलीस प्लायवूडही बघतील. अख्खा फ्लॅट रस्त्यावर येईल."

"तिघांनी थोबाड फोडलंय तुमचं!"

"बाकीच्यांनी नाही."

"बाकीचे दार लावून ऐकत होते, भाई!"

पण फोन मी ठेवला.

आता ते आमच्या हॉलमध्ये, कपाटाआड झोपतात. कमरुद्दीनने सागवानाची डबी केली, आत ती गुंडाळी घातली आणि सवयीने लेव्हल लावून आमच्या चौकटीवर ठोकायला गेला. "तिरकी," बोळक्या तोंडाने हुकूम आला. नवऱ्याने डोळे मिटून ठोकली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आमच्या दाराचा फोटो, डबीसकट. खाली: 'आता हे.' घरमालकाचा फोन आला, घरात कोण ठेवलंय? म्हटलं, माहेरचा माणूस.

रात्री दारावर कुणीतरी लाथ मारून जातं. कमरुद्दीनने आतून जाडजूड अडसर बसवलाय. तो मात्र अगदी सरळ आहे.