‘तपासले’च्या रकान्यातली खूण

दसऱ्यानंतरचा शनिवार, सकाळी साडेदहा. नाशिक, गंगापूर रोड, बी विंग, चौथा मजला. हजर : मी; मार्लेन — आमच्या कंपनीत जर्मनीहून आलेली इंजिनिअर, फ्लॅट तिचा; यमुना गावित — तिच्याकडे घरकाम करणारी; सोसायटीचे सेक्रेटरी. गैरहजर : मार्लेनचा पासपोर्ट.

हे टिपण मी त्याच दुपारी डायरीत केलं. मला तशी सवयच आहे — कोण होतं, किती वाजता, काय ठरलं. चार वर्षं झाली. त्या पानावर सगळं आहे, एक गोष्ट सोडून. ती मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, कोणालाच नाही. तुम्हाला का सांगते आहे? नक्की माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सातपूरच्या एका कारखान्यात मी प्रशासन सांभाळते. परदेशातले इंजिनिअर येतात, वर्ष-दोन वर्षं राहतात. त्यांचं घर, पोलिसांकडची नोंदणी, गॅस, पाण्याचा फिल्टर, ड्रायव्हर, कामवाली — सगळं माझ्याकडे. एकदा एका कोरियन इंजिनिअरचा मोबाइल भर रस्त्यात हिसकावून नेला. तेव्हा मी एक यादी केली : ‘सुरक्षिततेच्या सूचना’, बावीस मुद्दे. रस्त्यात फोन हातात धरून चालू नका. रिक्षावाल्याला घराचा मजला सांगू नका. कामवालीला किल्ली देऊ नका. कामवालीचा फोटो आणि आधारची प्रत आमच्याकडे आहे, हे तिला माहीत असू द्या. मूळ कागदपत्रं कुलपात. स्वतःच्याच गावाबद्दल असं लिहिताना मला काही वाटलं का? खरं सांगते — अभिमान वाटला. साहेबांनी ती यादी दुसऱ्या कारखान्यालाही पाठवली.

मार्लेनने ती पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, “धोक्यांच्या या यादीत तुझा नंबर कितवा आहे, शोभा?” मी हसले. तीही हसली. आणि दुसऱ्या महिन्यात तिने यमुनाला घराची किल्ली देऊन टाकली.

यमुना सुरगाण्याकडची. आधी द्राक्षबागांवर कामाला यायची, मग शहरात खोली घेऊन राहिली. त्या सोसायटीत तिची कामाची चार घरं होती. तिला मार्लेनकडे मीच लावलं होतं. फोटो, आधार, पोलीस पडताळणी — सगळं मीच करून घेतलेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मी कधीही गेले की त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खात असायच्या. मला ते बरं वाटत नसे. ही बाई एवढी जीव का लावते? काय हवंय हिला? एकदा तर मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत जाऊन खणातले चमचे मोजून आले. चोवीसच्या चोवीस होते. तरी माझं समाधान झालं नाही.

आता त्या आठवड्याकडे येते.

गुरुवारी खंडेनवमी होती. कारखान्यात यंत्रांची पूजा असते, आणि आमच्या ऑफिसात आमच्या हत्यारांची — रजिस्टरं, शिक्के, किल्ल्यांचा बोर्ड, फायली. सगळं टेबलावर रचायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, वरून लाल कापड. एकदा पूजेत ठेवलेल्या वस्तूला दसरा होऊन ऑफिस उघडेपर्यंत कोणी हात लावत नाही. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे, आणि मी ती कडक पाळते.

त्या सकाळी मार्लेनच्या नोंदणीसाठी तिचा भाडेकरार हवा होता. तिने फोनवर सांगितलं, टेबलावर निळी फाईल आहे, घेऊन जा. ती स्वतः कारखान्यात पोचली होती. यमुनाने दार उघडलं, फाईल हातात दिली. मी ऑफिसात आले तर सगळे खोळंबलेले — नारळ फोडायचा, पेढे आलेले, साहेब दोनदा डोकावून गेलेले. आता माझी पद्धत अशी आहे : बाहेरून आलेली प्रत्येक फाईल उघडायची, आतला कागद न् कागद बघायचा, आणि मगच रजिस्टरात ‘तपासले’च्या रकान्यात खूण करायची. अकरा वर्षं मी हे चुकवलं नव्हतं. त्या दिवशी मी लिहिलं : ‘निळी फाईल, भाडेकरार’, आणि खूण केली. फाईल न उघडता. मग फाईल ठेवली, तिच्यावर ते रजिस्टर ठेवलं, कुंकू वाहिलं, कापड टाकलं.

ही चूक झाली. ही सांगायला मला चार वर्षं लागली नसती.

शुक्रवारी दसरा. शनिवारी सकाळी मार्लेनचा फोन आला — बुधवारी तिला विमानाने सुट्टीवर जायचं होतं, सामान भरताना पाहिलं तर पासपोर्ट नाही. कपाटाच्या खणात होता, असं तिला पक्कं वाटत होतं. मी अर्ध्या तासात पोचले. सेक्रेटरींना मीच बोलावलं. आणि यमुनाला दुसऱ्या घरून, भांडी अर्धी टाकून, खाली बोलावून आणलं तेही मीच.

ती ओले हात पदराला पुसत उभी राहिली. मी प्रश्न विचारले, क्रमाने. किल्ली कोणाकोणाकडे असते? गेल्या आठ दिवसांत घरात कोण आलं? खण उघडला होतास का? तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, “मॅडम, ती निळी फाईल नाय का, गुरुवारी म्या तुमच्या हातात दिली. तिच्यात बघा की. जड लागत व्हती.”

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मार्लेनने विचारलं, काय म्हणते ती?

इथे थांबते जरा.

मला त्या क्षणी पासपोर्ट कुठे आहे हे माहीत नव्हतं. पण फाईल मी उघडली नव्हती — हे मला माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, ‘हो, तीही बघायला हवी.’ साधं वाक्य. का नाही म्हटलं? खोळंबलेले पेढे आठवले? सेक्रेटरींसमोर एका कामवालीने माझी चूक काढावी, हे सोसलं नाही? मी मराठीत म्हणाले, “ती फाईल मी तपासली आहे. त्यात नाही.” आणि मार्लेनला इंग्रजीत म्हणाले, “ती म्हणते, तिला काहीच माहीत नाही.”

सेक्रेटरी लगेच म्हणाले, “मॅडम बघितल्याशिवाय काही ठेवत नाहीत हो. यमुना, खरं काय ते बोल, अजून वेळ गेलेली नाही.”

यमुना माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मला वाटतं, ती थांबली होती — मी काहीतरी दुरुस्त करीन म्हणून.

दुपारी आम्ही चौकीत साधा अर्ज दिला. पासपोर्ट हरवल्याचा, खाली एका ओळीत यमुनाचं नाव. सेक्रेटरींनी माझ्याकडे तिचा फोटो मागितला. माझ्या फायलीत होताच. मी मोबाइलवर काढून पाठवला. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता, आणि फाटकाजवळच्या वॉचमनच्या केबिनमध्ये, काचेला आतून चिकटवलेला : ‘प्रवेश देऊ नये’. बाकीच्या तीन घरांनी तिला रविवारीच काढलं. एका बाईंनी म्हणे तिची पिशवी झडती घेऊन परत दिली.

सोमवारी सकाळी मी सर्वांच्या आधी ऑफिसात गेले. लाल कापड काढलं. निळी फाईल उघडली. भाडेकराराच्या मागे, प्लॅस्टिकच्या कप्प्यात पासपोर्ट होता; नोंदणीला लागेल म्हणून मार्लेनच ठेवून विसरली असणार. कोपऱ्यातून कुंकू आत झिरपलेलं, पासपोर्टच्या पानांच्या कडेवर गुलाबी डाग.

तुम्हाला वाटेल, मी घाबरले. घाबरले नाही. मी खुर्चीवर बसले आणि यादी केली. खरंच, कागदावर. एक — मार्लेनला सांगणे. दोन — साहेबांना सांगणे. तीन — अर्ज मागे घेणे. चार — यमुना. मग तो कागद फाडला आणि दुसरी यादी मनातच केली. ती यादी मी कागदावर लिहिलीच नाही.

संध्याकाळी मी मार्लेनला म्हटलं, चल, पुन्हा एकदा नीट शोधू. ती आतल्या खोलीत शोधत होती. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालची ती ट्रॉली ओढली जिच्यात यमुना फडकी ठेवायची, तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद उचलला, पर्समधला पासपोर्ट त्याखाली सरकवला. कागद नीट बसवला. मग मार्लेनला हाक मारली आणि तिच्यादेखत कागद उचलला.

कापसाने पुसूनही डाग पुरता गेला नव्हता. मार्लेनने बोट फिरवून विचारलं, हे काय आहे? मी टिकली लावते. यमुना कुंकू लावायची, चांगलं रुपयाएवढं. मी फक्त कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. मार्लेनला कळलं. म्हणजे, तिला जे कळावं असं मला हवं होतं, ते तिला कळलं.

ती ट्रॉलीशेजारी जमिनीवर बसली. पासपोर्ट मांडीवर ठेवून म्हणाली, “तुझी यादी बरोबर होती.” त्या आठवड्यात तिने कुलूप बदललं, दाराला दुसरी कडी बसवून घेतली. पुढे वर्षभर राहिली, पण कामाला कोणाला ठेवलं नाही. भाजीवाल्याने दार वाजवलं तरी आधी मला फोन करायची. नाशिकबद्दल ती परत गेल्यावर काय सांगत असेल, ते मला ठाऊक आहे. ते मीच तिला शिकवलं.

अर्ज आम्ही मागे घेतला. साहेब म्हणाले, बाईला पोलिसांपासून वाचवलंत, मोठं मन आहे तुमचं. मी ते ऐकून घेतलं.

यमुना एकदाच भेटली. दिवाळीआधी, कंपनीच्या फाटकावर. मला वाटलं भांडायला आली. गार्डला जवळ थांबायला सांगून मी बाहेर गेले. मला हाक मारायला वर केलेला हातसुद्धा तिने खाली घेतला, गार्डला पाहून. “मॅडम, माझा फोटू आन् आधारचा कागूद तेवढा द्या. बाकी मला काय नको.” मी म्हटलं, ते कंपनीचं रेकॉर्ड आहे, देता येत नाही. ती म्हणाली, “कोन्या नव्या घरी गेलं की त्योच फोटू म्होरं येतो. लोकं मोबाइलात दाखवत्यात.” मग हळू आवाजात : “फाईल तुम्ही उघडली व्हती ना, खरंच?”

मी म्हटलं, हो.

तिने मान हलवली आणि गेली. नंतर वॉचमनकडून कळलं, ती खोली सोडून गावाकडे गेली. तिच्या गावाचा पत्ता माझ्या फायलीत आहे, आधारच्या प्रतीवर, पिनकोडसकट.

ती चांगली होती म्हणून मला आज वाईट वाटतं का? नाही. ती वाईट असती तरी हे असंच झालं असतं. मला त्याने काही फरक पडला नसता, हे मला माहीत आहे. आणि मी घाबरट आहे म्हणून हे झालं, असंही नाही. पासपोर्ट वर्तमानपत्राखाली सरकवून मी वरचा कागद नीट बसवला होता.

सोसायटीत आता आमच्या कंपनीचं दुसरं कुटुंब राहतं. परवा त्यांच्या गॅसच्या कामासाठी गेले होते. वॉचमन नवा आहे, त्याला यमुना माहीत नाही. केबिनमधला तो कागद मात्र आहे. चेहरा उन्हाने पार पिवळा पडला आहे, डोळे तेवढे दिसतात. तो अगदी मदतीच्या भावनेने म्हणाला, “मॅडम, ही बाई आली तर ओळखणार कशी? फोटो उडालाय. नवीन कॉपी असेल तर द्या ना.”

मी म्हटलं, बघते. गाडीत बसल्यावर डायरीत लिहिलं : केबिनमधला कागद काढणे. दोन चिकटपट्ट्या आहेत, एक वर, एक खाली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर मी तिथे दोनदा जाऊन आले. कागद अजून तिथेच आहे.