कॅमेऱ्यावरचा अंगठा

बीडहून नेकनूरला जाताना ती एसटीत माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची असेल. एका अंगठ्याने फोनचा कॅमेरा घट्ट झाकून ती दुसऱ्या हाताने एकेक अक्षर शोधत होती. शेजारच्याच्या फोनात सगळेच डोकावतात, मीही डोकावले. पडद्यावर कार्टूनसारखी मुलगी होती, लिहिलं की उत्तर देणारी.

"लेकीनं घालून दिलीया," ती म्हणाली. "लिवलेलं वाचून, तोंड बघून आपलं मन वळखती म्हनं. पर लेकीला सांगती का काय, कुनाला म्हाईत?"

म्हणून ती त्या मुलीची परीक्षा घेत होती. तिने लिहिलं, 'लेक पुण्याला नोकरीला गेली. मी लई खुशीत हाय.' पडद्यावरची मुलगी टाळ्या वाजवून नाचली.

"फसली बघा," पदराने नाक पुसत ती म्हणाली. "हिला काय बी कळत न्हाई."

मला राहवलं नाही. "मावशी, फार आठवण येते का लेकीची?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फोन पिशवीत कोंबला.

"तुमी लेकीच्या वळखीच्या का?"

मी "नाही" म्हटलं. तिला पटलं नसावं. तिने माझ्या बाजूने पदर तोंडावर ओढला आणि नेकनूर येईपर्यंत काढला नाही.