कंपॅनियन म्हणजे सोबत जेवणारा

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे बुलढाण्याजवळच्या धाडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलायची. माझं माहेर डोणगावचं, घरात अकरा माणसं. तिथं नुसतं तोंड उघडलं तरी कुणीतरी उत्तर द्यायचंच. इथं सासूबाई गावी राहिलेल्या, मूलबाळ नाही, आणि हे शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा तो दूधवाल्यासाठी. कधी कधी मी रागानं भांड्यांनाच शिव्या द्यायची. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं.

शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "मले बाहेरून मॅट्रिकले बसाचं हाये."

हे आधी हसले, मग माझं 'मले' दुरुस्त केलं, आणि मग खरंच शिकवायला बसले. त्याचे उपकार मी आजही मानते. पण खरं सांगू? मला मॅट्रिकचं एवढं काही नव्हतं. निदान शिकवताना तरी हा माणूस माझ्याकडे बघून बोलेल, एवढाच माझा डाव होता.

संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी थापायची आणि हे पाटावर बसून धडा सांगायचे. शब्दाचा नुसता अर्थ सांगून यांचं समाधान होत नसे. नागपूरहून आणलेला एक जाडजूड शब्दकोश होता. तो मांडीवर घेऊन, मुलीचं स्थळ बघावं तसं शब्दाचं सगळं कूळ काढायचे.

त्या दिवशी धड्यातलं वाक्य होतं, 'कुत्रा हा माणसाचा इमानी कंपॅनियन आहे.' कंपॅनियन म्हणजे सोबती. एवढ्यावर थांबले असते तर माझा संसार सुखात गेला असता. पण हे थांबतात कसले! ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "मूळ लॅटिन आहे बरं. कॉम म्हणजे सोबत आणि पॅनिस म्हणजे भाकर, त्यांची ती भट्टीतली. ज्याच्यासोबत बसून भाकर खायची, तो कंपॅनियन."

मग गाडी सुटलीच. कंपनी हा शब्दही त्याच घरातला. आधी एकत्र जेवणाऱ्यांचा जथा, मग फौजेची तुकडी, मग व्यापाऱ्यांची मंडळी. पाहुण्याला आपण कंपनी देतो तीही तीच. आणि आपला पाव? तोही पॅनिसच्याच वंशातला, पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेला.

"म्हंजे रोमची भाकर बुलढाण्याच्या बेकरीत विकून राह्यली म्हणा की," मी म्हटलं.

हे इतके खूश झाले की माझी भाषा सुधारायचं विसरले. शब्दकोश मिटून बाजूला ठेवला, हात धुतले आणि म्हणाले, "चल, वाढ."

मी वाढलं. हे वर्तमानपत्र वाचत जेवले आणि उठले. मग मी त्यांच्याच ताटात वाढून घेतलं आणि एकटी जेवायला बसले. आमच्याकडची रीतच तशी, बाईनं मागून जेवायचं, नवऱ्याच्या ताटात. माझी आई तशीच जेवली. पण माहेरी मागून जेवणाऱ्या आम्ही पाचजणी होतो, त्यामुळे ते मागून असल्यासारखं वाटलंच नाही कधी. इथं मी एकटी. त्या संध्याकाळी मला घास उतरेना. आत्ता ज्यानं एवढं समजावून सांगितलं, त्याला सांगताना काहीच कसं वाटलं नाही? अहो, कुत्र्यालाही माणूस जेवताना शेजारी बसू देतो! मी ताट बाजूला सारलं आणि भांडी घासायला घेतली.

भिंतीपलीकडं एका मुसलमान शिंप्याचं बिऱ्हाड होतं. तिथं सासू, सून, नणंद एका मोठ्या ताटाभोवती बसायच्या. त्यांच्या हसण्याचा आवाज इकडं यायचा. सून एकदा डोकावून म्हणाली, "काऊन वं भाभी, रोज एकटीच जेवून राह्यली? ये ना इकडं." जावंसं वाटलं, देवाशपथ. पण गेले नाही. कोणी कोणाकडं जेवायचं याचे त्या काळी कायदे होते आणि ते मोडायची माझी छाती नव्हती. मला मोडायचा होता तो माझ्या घरातला एक कायदा. एकदा, फक्त एकदा, या माणसानं माझ्यासोबत जेवावं. त्यापुढं मला मॅट्रिक काय, काहीच नको होतं.

आठ दिवस मनात घोळवलं आणि एका रविवारी दोन ताटं मांडली. शेजारी शेजारी. वरण-भाकर, अंबाडीची भाजी, दोन्हीकडं सारखं वाढलं आणि पदर खोचून बसले.

"हे काय?" हे दारातच उभे.

"कंपॅनियन," मी म्हटलं.

"अगं, तो शब्दाचा अर्थ झाला."

"मंग अर्थ कायच्यासाठी असते?"

हे बसले. दोन घास खाल्ले. मान खाली. ताटातल्या भाजीकडं असे बघत होते, जसं काही मी त्यांना चोरी करायला लावली. मग हळूच म्हणाले, "माझी आई जन्मभर मागून जेवली." आणि हात धुवून उठले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले तरी असते. मी त्या दुसऱ्या ताटाशेजारी बसून पूर्ण जेवले, हट्टानं. पाणी मात्र डोळ्यांतून वाहत होतं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकच ताट. शिकवणं चालू राहिलं, शब्दांची कुळं काढणं मात्र यांनी बंद केलं.

परीक्षेला बुलढाण्याला जायचं होतं. हे सोबत आले. सकाळचा पेपर, मग तासाभराची सुट्टी, मग दुपारचा. पेपरला जाताना मी शिदोरी यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "तुम्ही जेवून घ्या, माझं ठेवा."

सुटून बाहेर आले तर हे शाळेच्या भिंतीशी कडुनिंबाखाली उभे. शिदोरीची गाठ जशीच्या तशी.

"जेवला नाहीत?"

"तू खा आधी. तुला पेपर आहे."

मी गाठ सोडली. दोन भाकरी, ठेचा, कांदा. आजूबाजूला परीक्षेला आलेली माणसं, त्यांतले दोन-तीन मास्तर यांच्या ओळखीचे. मी एक भाकर मोडली, अर्धीवर ठेचा ठेवला आणि हात पुढं केला. मला वाटलं, आता हे 'नंतर' म्हणतील.

यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि भाकर घेतली. घेतली आणि माझ्याकडं पाठ केली. रस्त्याकडं तोंड करून, उभ्या उभ्या, खाऊ लागले.

मला राग आला, हसू आलं, आणि असं भरून आलं की काय सांगू. त्यांच्या घामेजल्या सदऱ्याकडं बघत मी माझी अर्धी खाऊ लागले. पुढं चाळीस वर्षं संसार केला. आम्ही दोघं एका वेळी जेवलो ते तेवढंच.

आतली घंटा झाली. बाया-माणसं उठून दाराकडं पळू लागली. हे पाठमोरेच म्हणाले, "जा, पेपर वाटतील."

मी उठले नाही. त्यांचा घास अजून संपला नव्हता.