मिश्रीची कबुली

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तंबाखू, मिश्री काही?" आणि मी, जन्मभर मिश्री घासत आलेली बाई, पदर सावरून म्हणाले, "छे हो, मला वाससुद्धा सहन होत नाही." शेजारी मुलगा उभा होता. तो शाळेत व्यसनमुक्तीवर भाषणं देतो. जबड्यात गाठ घेऊन बसलेली मी, आणि लाज कशाची, तर डबीची.

तशी मी पहिल्यापासूनच हुशार. लग्न होऊन पेणला आले तेव्हा सासूबाई परसदारी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या. दात दुखला की बोटभर लाव, म्हणायच्या. माझा एकही दात दुखत नव्हता. पण परसात मिश्री लावत बसलेल्या बायका जे बोलायच्या, ते न लावणारीला ऐकू देत नसत. चार चहाड्यांसाठी मी जबडा दिला.

माझ्या आईलाही तोंडाचा कर्करोग झाला होता, हे डॉक्टरांना सांगितलं. तिचीही डबी होती, हे नाही सांगितलं. मग त्यांना वाटलं, घराण्यातून आलं असेल. त्यांनी गाठीचा तुकडा आणि रक्त दोन्ही तपासायला धाडलं. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. तोवर 'त्यांच्या रक्तातच आहे' ही बातमी रोह्याला, नातीच्या ठरलेल्या सासरी पोचली. होणाऱ्या सासूने निरोप पाठवला, लग्नाचं तूर्त राहू दे. नात नुसती माझी पेज गाळत राहिली.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, पेशीत एक राखणदार जनुक असतं, बिघडलेल्या पेशीला ते वाढू देत नाही. तुमच्या गाठीत ते मोडलंय, रक्तात मात्र शाबूत आहे. म्हणजे जन्मतः आलेलं नाही, मागाहून बिघडलंय. "असं तंबाखूने होतं. पण तुम्ही तर लावत नाही."

"लावते," मी म्हटलं. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला अंगठे धरून उभं करील असं वाटलं.

आम्ही खारेपाटातली माणसं. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात शिरतं, हे मला कुणी शिकवायला नको. वाडवडिलांनी बांध धड दिला होता. कुदळ मी मारली.

"रोह्याला फोन करू," मुलगा म्हणाला. "या तोंडाने तू जाऊ नको."

"हेच तोंड दाखवायचंय," म्हटलं, आणि रिपोर्ट पिशवीत घालून एसटीत बसले. तोंडाला फडकंही बांधलं नाही. समोरची बाई सारखी बघत होती, तिला बघू दिलं.

नातीच्या होणाऱ्या सासूने चहा दिला. अर्धा हनुवटीवरून ओघळला. मी सावकाश, तिला कळेल असं बोलले, "विहीणबाई, हा कागद कुणाकडूनही वाचून घ्या. रक्तात काही नाही. हे माझ्या बोटाने झालंय, आणि डॉक्टरांशी खोटंही मीच बोलले. लग्न मोडायचं तर मोडा, पण नातीचं रक्त वाईट म्हणून नाही. तसं म्हणालात तर मी दर सोमवारी येऊन तुमच्या ओटीवर बसेन, हेच तोंड घेऊन."

तिने कागद घडी करून ठेवला. मग उठून तिने आतलं दार लोटलं आणि माझ्या जवळ येऊन बसली.

"आजी, माझी बी डबी हाय, घरात कुणाला ठाव नाय. गालाच्या आत पांढरं दिसतंय कधीपास्नं. त्या डॉक्टरकडं मला तुमीच घेऊन चला. पोरांचं लग्न कधी करायचं ते वाटेत ठरवू."