देवीकडं पाठ

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पाठीला जखम झाली ती माझ्या भक्तीमुळं. आज नातसुना माझ्या पाया पडतात. त्यांना काय माहीत, तेव्हाची मी म्हणजे शहाणपणाचं पोतं होते, तोंड शिवायचं राहिलेलं.

आत्याबाई अंगणात घसरल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, एकसारखं उताणं ठेवू नका, दर दोन तासांनी डाव्या कुशीवर वळवा. पण डावीकडं वळवलं की रेणुकाईच्या कोनाड्याकडं सरळ पाठ! पलंग फिरवावा तर डोकं उत्तरेला येणार, तसं तर मेलेल्या माणसाला ठेवतात. मंग मी त्यांना उताणंच ठेवलं, आणि वर देवीला ऐकवलं, "बघ, कशी तुझ्या नजरेसमोर ठेवलीय!"

माकडहाडाशी लाल चट्टा उठला. मी तेल लावून जोरात चोळला. कातडी फाटली, तर खाली फडक्याची गोल चुंबळ सरकवली. जखम खोल गेली, वास येऊ लागला, आत्याबाईंना ताप चढला. देवीपुढं बसून मी रडले, भांडलेसुद्धा. एवढं सांभाळलं, तरी का रुसलीस? तिथं कोणी ऐकतंय का, अशी शंका जन्मात पहिल्यांदा आली.

तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई उभी. पिंपळगावला देवीच्या दर्शनाला चालल्या होत्या, पाणी मागायला थांबल्या. वास आला तशा आतच शिरल्या. "माझ्या मालकाला असंच झाल्तं," म्हणाल्या आणि चुंबळ ओढून काढली. "म्हातारी काय घागर हाय का, बाई?" मला हसू फुटलं, मागोमाग लाज वाटली. वळवलं तर देवीकडं पाठ होईल, असं मी पुटपुटले. "होऊ द्या. जल्दी धरा तिकडून." चादरीसकट आम्ही आत्याबाईंना वळवलं. पाठीला एक उशी टेकवली, गुडघ्यांमध्ये एक. चोळायचं बिलकुल न्हाई, अंग कोरडं ठेवा, डाळ-अंडं पोटात जाऊ द्या, अन् आजच्या आज दवाखान्यात दाखवा, असं सांगून त्या गेल्या. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दवाखान्यात सडलेला भाग काढला, औषधं दिली. नर्सबाई घरी येऊन पट्टी बदलायच्या, मी वेळच्या वेळी आत्याबाईंची कूस बदलायची. जखम तळापासून हळूहळू भरत आली. ती बाई पुन्हा दिसली नाही. नवरात्रात देवळाच्या रांगेत मी अजून चेहरे शोधते. कोण आल्तं, हा वाद मी घालत नाही. वेळेवर आल्तं, एवढं मला पुरे. तेव्हा कळलं, आत्याबाईंना मी देवीपुढं नुसतं ठेवलं होतं, तिच्यावर सोपवलं नव्हतं.

पट्टी कायमची निघाली त्या दिवशी मी भीत भीत विचारलं, इतके महिने देवीकडं पाठ करून निजलात, जिवाला लागलं नाही का? आत्याबाई म्हणाल्या, "आधी मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं, येडे. जखम पाठीला हुती, मंग देवीला तोंड दाखवून काय करू?"