तिच्या अडतीस पिढ्या

माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी मुलगी एका व्हायकिंग राजाची वंशज आहे हे मला एका मंगळवारी चहाच्या वेळी कळलं. बस उशिरा आली हे सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं. राजा आणि ती यांच्यात अडतीस पिढ्या होत्या. तिच्या आजोबांना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती, आणि वाढदिवसाला द्यायला ती गेली दोन वर्षं हा वंशवृक्ष तयार करत होती.

आमचं ऑफिस इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेल गावात आहे. आमचं काम दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या याद्या साफ करण्याचं. एकाच माणसाची दोनदा नोंद झाली असेल तर ती एक करायची, आणि दोन माणसं चुकून एक झाली असतील तर ती वेगळी करायची. त्या टीममध्ये मी दोन वर्षं होते, आणि माझ्याशी कामापलीकडचं बोलणारी ती एकटीच होती. मी फारशी बोलत नाही. शाळेत इंग्रजी माध्यम असूनही या लोकांच्या गप्पांत कुठे शिरायचं ते मला कळत नाही, आणि कळेपर्यंत विषय बदललेला असतो. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा चहा न पिता तसाच राहिलेला पाहिला आणि घरी कसा करतात ते विचारलं. तेव्हापासून सगळ्यांचा चहा करायची तिची पाळी असली की माझ्या कपात ती चहाच्या दोन पिशव्या टाकायची.

तो राजा खरा होता की नाही याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. त्याचं टोपणनाव त्याच्या केसाळ विजारीवरून पडलं होतं. तो सापांच्या खड्ड्यात मेला म्हणतात, आणि त्याच्या एका मुलाच्या अंगात हाडंच नव्हती. त्याच्याही मागे गेलं की थेट देव. आपल्याकडचे राजे सूर्यापर्यंत पोचतात तसंच. ती हसत हसत सांगत होती, सगळे ऐकत होते, आणि मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते.

मला तिचा हेवा वाटला. राजाचा नाही. आजोबा कोण, खापरपणजी कोण, तिचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, हे सगळं तिला माहीत होतं, आणि ते माहीत असण्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन करून नावं विचारली. बाबा, आजोबा, पणजोबा. श्राद्धाला लागतात तेवढी तीन, त्यापुढे बाबांनाही येत नव्हती. बायकांपैकी फक्त आजीचं नाव नक्की होतं. चुलतकाका नाशिकला गेले होते तेव्हा तिथल्या उपाध्यायांनी वही काढून दाखवली होती, तिचा फोटो त्यांनी पाठवला. त्यात पणजोबांच्या स्वतःच्या अक्षरात गाव आणि बायकोचं नाव होतं. एका देवीचं नाव. आत्याकडे पणजीची माहेरहून आलेली तांब्याची घागर आहे. तिच्यावर कोरलेलं नाव मात्र एका नदीचं होतं. म्हणजे पणजोबांची दोन लग्नं झाली होती. मी कागदावर दोन चौकटी काढल्या, प्रत्येकीखाली नाव कुठे सापडलं ते लिहिलं. एक नवीन माणूस सापडल्याचा मला आनंदच झाला.

वाढदिवसाच्या आधीच्या सोमवारी तिनं मला तिची फाइल पाठवली. एकदा नजर टाक, चुका तुलाच दिसतात, असं तिनं लिहिलं होतं. चूक मला जेवायच्या सुट्टीतच सापडली. तिच्यापासून मागे मोजत बाराव्या पिढीत एका लोहाराची बायको होती, आणि ती गावच्या जमीनदाराची मुलगी म्हणून दाखवली होती. तिच्यापासूनच दोरा मोठ्या घराण्याला आणि पुढे राजापर्यंत जात होता. पण चर्चच्या ऑनलाइन रजिस्टरात त्याच नावाच्या दोन मुली होत्या, चुलत बहिणी. जमीनदाराची मुलगी चार वर्षांची असतानाच पुरली गेली होती. लोहाराशी लग्न केलं ते दुसरीनं. दोन माणसं एक झाली होती. आम्ही रोज हेच शोधतो.

मी तिला लगेच सांगू शकले असते. माझी खुर्ची तिच्यापासून हाताच्या अंतरावर होती. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. तिनं विचारलं तेव्हा अजून बघतेय म्हणाले. खरं सांगायचं तर ते चार दिवस मला बरं वाटत होतं. तिच्या सव्वीस पिढ्या माझ्या मुठीत होत्या.

शुक्रवारी ती छापून आणलेली लांबलचक गुंडाळी घेऊन आली. कॅन्टीनमधली दोन टेबलं जोडली, कोपऱ्यांवर कप ठेवले. मॅनेजरसकट सगळे जमले. कुणीतरी राजासाठी वाकून मुजरा केला. सगळे हसत असताना मी बाराव्या पिढीवर बोट ठेवलं.

"ही मुलगी चार वर्षांची असताना वारली," मी म्हणाले. "हिचं लग्न झालेलं असू शकत नाही."

दोन वर्षांत मी सगळ्यांसमोर बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य असेल. ती टेबलाला वळसा घालून आली, बघितलं, मी सांगितलेली नोंद फोनवर उघडून वाचली.

"तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"सोमवारी."

तिनं एकेक कप उचलला आणि कागद गुंडाळला. आभार मानले. इथले लोक आभार मानतात त्यातून काही कळत नाही, पण त्या दिवशी मला कळलं.

पुढचं मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकलं, मला कुणी सांगितलं नाही. यॉर्कशायरला आजोबांच्या स्वयंपाकघरात तिनं कात्रीनं वरचा भाग कापून टाकला, आणि आजोबा उरलेला तुकडा दुपारभर घेऊन बसले. त्या लोहाराच्या भट्टीची जागा त्यांना माहीत होती, लहानपणी ते तिथे खेळलेले. राजा गेला तरी तिच्याकडे लोहार उरला होता, भट्टीसकट. मला वाटलं होतं तिचं काहीतरी मोडेल. मोडलं ते वेगळंच. तिच्या पाळीला माझा चहा येत राहिला, पण एका पिशवीचा, सगळ्यांसारखा. सुप्रभात, वीकेंड छान जावो, यापलीकडे आम्ही बोलत नव्हतो.

तीन आठवड्यांनी मी माझा दोन चौकटींचा कागद तिच्या डेस्कवर ठेवला. माफी मागायचं वाक्य मी ट्रेनमध्ये पाठ केलं होतं, ते आलं नाही. यात चुका काढशील का, एवढंच विचारलं.

कागद दिवसभर तिच्या डेस्कवर पडून होता. संध्याकाळी निघताना ती माझ्या खुर्चीजवळ वाकली. मागच्या रांगेत लोक होते. तिनं आवाज इतका खाली आणला की मलाच पुढे झुकावं लागलं.

"या दोन बायकांपैकी पहिली कधी गेली?"

"माहीत नाही. तसं कुठेच लिहिलेलं नाही."

"एक नाव तिच्या वडिलांच्या घरचं, दुसरं नवऱ्याच्या घरचं. आपल्याकडे असं रेकॉर्ड आलं असतं तर तू काय केलं असतंस?"

एवढं बोलून ती कोट घालून गेली. कुणालाही ऐकू गेलं नाही. तिच्या राजाचा वाटला नव्हता इतका हेवा मला त्या हळू आवाजाचा वाटला. तिनंही मला सगळ्यांसमोर विचारायला हरकत नव्हती. मी तिला तसं विचारायचं कारण दिलं होतं.

घरी येऊन आत्याला फोन लावला. पणजोबांची पहिली बायको कशानं गेली, असं विचारलं. आत्या हसायलाच लागली.

"अगं, तुझ्या आईला माहेरी काय म्हणतात?"

माझी मावशी आईला आजही लग्नाआधीच्या नावानं हाक मारते. लहानपणापासून मी दोन्ही नावं ऐकत आले आहे, आणि आई दोन आहेत असं मला कधी वाटलं नाही.

"पणजोबांना बसल्याजागी दुसरी बायको करून दिलीस तू," आत्या म्हणाली. "वरून ऐकत असतील तर खूश झाले असतील. पणजी मात्र सोडणार नाही हो तुला."

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरीचं नवं नाव लिहितात, आणि जुनं माहेरीच राहतं. या दोघी एकच. मग, आधी ठरवलेलं नसताना, मी म्हणाले, "सोमवारीच सांगायला हवं होतं. तुझ्याकडे एवढं सगळं होतं, ते मला बघवत नव्हतं."

तिनं पेन्सिल घेऊन माझी एक चौकट खोडली आणि दुसरीत दोन्ही नावं नीट लिहिता यावीत म्हणून ती थोडी मोठी केली.

"ती स्वतःला कुठल्या नावानं ओळखत असेल?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि तिला मला माहीत नसलेलं काहीतरी विचारता येतं, याचाही मला जरा रागच आला.

त्या दिवशी चहाची पाळी तिची होती. तिनं माझा कप उचलला, विचारलं काही नाही. आणला तेव्हा दोन्ही पिशव्यांचे दोरे कपाच्या कडेला लोंबत होते.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तिच्या बारा पिढ्या, माझ्या चार. मी अजून मोजते.